गोल, चकचकीत खड्डा

"बॉम्बचे शब्द? द्या इकडे! चहा यायच्या आत फडशा पाडतो!" अनुवादक छाती फुगवून म्हणाला.

बिचाऱ्याला कर्तबगारी दाखवणं भागच होतं. रस्ते खात्याच्या मोठ्या इंजिनिअरांच्या मुलीला त्याने मागणी घातली होती आणि "आधी मुलाचं काम बघू," असा तिच्या वडिलांचा निरोप होता. त्यांच्या खात्याची जाहीर सूचनाही नेमकी याच्याकडेच भाषांतराला आलेली. ती त्याने झोकात उरकली आणि अण्वस्त्रांच्या गाभ्यातल्या भागांची नावं सांगणारी पुस्तिका पुढे ओढली.

बॉम्बचा पहिला टप्पा 'प्रायमरी', दुसरा 'सेकंडरी'. त्याने 'प्राथमिक' आणि 'माध्यमिक' लिहून टाकलं. अगदी गाभ्यातल्या भागाचं नाव 'पिट'. पिट म्हणजे खड्डा, त्यात डोकं काय खाजवायचं!

संपादक बाईंनी मजकूर हातात घेतला आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"'खड्डा गोल व चकचकीत असतो. खड्डा हातमोजे घालूनच उचलावा.' अहो, खड्डा उचलतात कसा?"

"दोघं लागत असतील, बाई!"

"डोंबल तुमचं! फळात कोय असते ना, तसा बॉम्बच्या पोटात धातूचा गोळा असतो, म्हणून तो पिट! कोय म्हणा, कोय! आणि हे प्राथमिक, माध्यमिक काय? बॉम्ब आहे की शाळा?"

शाळा त्याने मुकाट्याने खोडली. खड्ड्यांसाठी मात्र कॉम्प्युटरलाच हुकूम सोडला: 'खड्डा' काढ, 'कोय' घाल. उघड्या असलेल्या सगळ्या फायलींत बदलू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. "सगळ्या!" म्हणत याने बटण दाबलं आणि जे जे उघडं होतं ते ज्याचं त्याला धाडून दिलं.

दुसऱ्या दिवशी गावभर फलक झळकले: 'रस्त्यावर कोय दिसल्यास रस्ते खात्याला त्वरित कळवा.'

लोक कळवतात कसले! पिशव्या भरभरून कोयी घेऊन खात्यावर चालून गेले. दुपारी मोठे इंजिनिअर स्वतः एक गच्च पिशवी घेऊन अनुवाद कचेरीत हजर!

"कोणी केलं हे?"

अनुवादक खुर्चीतून उठला. गेलं लग्न! "मी... मीच, साहेब."

"तुम्ही?" त्यांनी पिशवी टेबलावर आदळली आणि याला कडकडून मिठी मारली. "जावईबापू! आज खड्ड्याची एकसुद्धा तक्रार नाही हो! जो तो कोयीच मोजतोय! नोकरीला लागल्यापासून असा दिवस पाहिला नव्हता!"

"पण चूक दुरुस्त करायला हवी," बाई म्हणाल्या.

"खबरदार!"

अनुवादकाला आभाळ ठेंगणं झालं. त्याने धावत जाऊन तिला फोन लावला. "अगं, बाबांनी होकार दिला!"

"बाबांचं असू दे," पलीकडून ती काळजीने म्हणाली. "काल तू मला लिहिलंयस, 'तू दिसली नाहीस की माझ्या पोटात कोय पडतो.' ते आधी डॉक्टरांना दाखव. लग्नाचं मग बघू!"