शनिवारी गाय येणार आहे

माझी नात ऋता पहिल्यांदा शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढली, ते साल २००४. त्याच साली आमच्या राजेशनं मिशिगनमध्ये घर घेतलं. आणि घरमालकाशी इंग्रजीत बोलणी केली ती मी, हे आधीच सांगून ठेवते! मराठी अक्षरं मी एक्कावन्नाव्या वर्षी गावच्या साक्षरता वर्गात शिकले आणि इंग्रजी पासष्टाव्या वर्षी, नातीच्या चित्रांच्या पुस्तकांवरून. हत्ती, जिराफ, पाणघोडा, सगळे मला इंग्रजीत येतात.

घर आमच्या नोव्हायच्या अपार्टमेंटपासून पाऊण तासावर, खेड्यातच म्हणा ना. खडीचा रस्ता, एक चर्च, एक पेट्रोल पंप, मागे मक्याचं शेत. शेजारचं घर एवढं लांब, की शेजारीण खिडकीत उभी आहे की पडदा हलतोय ते कळू नये. अमेरिकेत येऊन माझ्या मुलानं बांध असलेली जागा घेतली, म्हणून माझा ऊर भरून आला होता.

आमच्या ह्यांचं मात्र मन लागत नव्हतं. सिन्नरकडची शेती, गोठा, सगळं धाकट्या दिरांच्या हवाली करून हे आले होते. अपार्टमेंटच्या खिडकीशी बसून दिवसभर पार्किंगमधल्या गाड्या बघायचे, जणू एखादी वासराला जन्म देणार आहे! "माणसानं सकाळी उठून करायचं काय इथं?" असं रोज विचारायचे. ऑक्टोबरचं परतीचं तिकीट उशाखाली घेऊन झोपायचे. ते गेले असते तर मला नात सोडून जावं लागलं असतं, नाहीतर नवरा सोडून राहावं लागलं असतं.

घर ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा राजेश आणि सूनबाई मीनाक्षी तळघरात शिरले. वर आम्ही दोघं आणि मालक, हॉफमनबाबा. ऐंशीच्या घरातला एकटा माणूस, मुलीकडे फ्लोरिडाला निघालेला. मागच्या हिरवळीकडे बोट दाखवून तो मला म्हणाला, "आय गॉट अ गाय."

मी कानच टवकारले. इंग्रजीत काऊ म्हणतात हे मला काय ठाऊक नाही? पण ही माणसं योगा म्हणतात, गुरू म्हणतात. आमचा वेश बघून बिचारा आपला शब्द वापरत असेल!

मी विचारलं, "गुड गाय?"

"व्हेरी गुड गाय," तो म्हणाला. गेली वीस वर्षं आहे, अगदी शांत, कॉफी फार आवडते, आणि येत्या शनिवारी मागच्या अंगणात येईल, असं त्याच्या बोलण्यातून मी निवडून निवडून काढलं.

ह्यांना सगळं समजावून सांगितलं. "वीस वर्षांची म्हणजे भाकड असणार," हे म्हणाले. "पण कॉफी पिते?"

"अमेरिकेतली आहे. पीत असेल."

हे त्या हिरवळीवर पावलांनी गोठ्याची जागा मोजून आले. मग म्हणाले, "म्हातारी असली तरी दावणीला कुणीतरी पाहिजेच." त्या रात्री तिकीट उशाखालून कपाटात गेलं.

तरी मी कच्च्या कामाची बाई नव्हे. राजेशला ऑफिसात फोन लावून विचारलं, शनिवारी गाय नक्की येणार ना? तो मीटिंगच्या घाईत होता. म्हणाला, "हो आई, येणार आहे. दहा वाजता. मी कन्फर्म केलंय."

झालं! मी महाराष्ट्र मंडळाची फोनची यादी पुढ्यात घेतली. गृहप्रवेशाला सगळ्यांच्या आधी साक्षात गाय घरात पाऊल ठेवणार, असं एकेकाला सांगितलं. सुलेखानं विचारलं, "काकू, इथे परमिट नाही का लागत?" मी म्हटलं, तुमच्या टाउनहाऊसला लागत असेल, आमच्याकडे एकरभर जागा आहे.

शनिवारी खडीच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागली. पस्तीस माणसं. मी नऊवारी नेसून आरतीचं ताट घेऊन दारात, हे झेंडूचा हार आणि पुरणपोळी घेऊन माझ्याशेजारी. नवीन फेटा, नवीन कासरा. पूर्ण आयुष्यात ह्यांना एवढं ताठ उभं राहिलेलं मी फक्त आमच्या लग्नात बघितलं होतं.

बरोबर दहाला एक मोठा ट्रक पीं पीं करत मागे मागे आला. पाठीवर भली थोरली टाकी.

"पाणी सोबत घेऊन आली," हे कौतुकानं म्हणाले.

ट्रकमधून उतरला तो सहा फुटी, लालबुंद, गुडघ्यापर्यंत बूट घातलेला माणूस. हातात अजगराएवढी नळी. सगळ्यांकडे बघून तो हसला आणि म्हणाला, "हाय! आय ॲम डेल. द सेप्टिक गाय."

पस्तीस माणसं ट्रकमागे गाय शोधू लागली. ऋता म्हणाली, "आजी, गाय मीन्स मॅन. ही क्लीन्स द पूप."

राजेशनं कपाळाला हात लावला. संडासाची टाकी उपसणारा माणूस! सुलेखानं पदर तोंडात कोंबला. मला कुणाचंच काही वाटेना. मी फक्त ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांनी कासरा हळूच पाठीमागे लपवला आणि त्यांचे खांदे खाली आले. तिकीट कपाटातून बाहेर येणार, हे मला तिथंच दिसलं.

मग ह्यांनी हार त्या डेलच्या गळ्यात घातला. "कामाला आलेला माणूस आहे," मला म्हणाले. "ओवाळ."

मी ओवाळलं! डेलनं पुरणपोळी दोन घासांत संपवली आणि आतला नळ तपासायला म्हणून, हारासकट, बुटांसकट, सगळ्यांच्या आधी घरात शिरला. गृहप्रवेश झाला.

मग टाकीचं झाकण सापडेना. हॉफमनबाबाचा नकाशा जुना, डेल लोखंडी सळई खुपसत अंगणभर फिरतोय. हे तासभर ओट्यावरून बघत होते. शेवटी उठले, धोतर खोचलं, चालत गेले आणि एका जागी पायाचा अंगठा टेकवला. तिथलं वीतभर गवत जास्त हिरवं होतं. डेलनं पहिली कुदळ मारली आणि खण्णकन आवाज आला.

डेल राजेशला काहीतरी म्हणाला. राजेशनं सांगितलं, "आप्पा, तो विचारतोय, सोमवारी येता का त्याच्याबरोबर? पुढच्या गावात तीन टाक्या शोधायच्या आहेत."

हे म्हणाले, "किती वाजता निघायचं, विचार." आणि मग, माझ्याकडे न बघता, "ते तिकीट कॅन्सल करून टाक."

पुढं साडेतीन वर्षं हे त्या ट्रकमध्ये बसून तालुकाभर हिंडले. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नसे, पण दुभाषी म्हणून मला कुणी कधी बोलावलं नाही.

माझे यजमान राजाराम भिकाजी सानप त्याच घरात ९ मार्च २००८ रोजी, रविवारी पहाटे वारले.