पाडव्याची मोटार

दिवाळीच्या पाडव्याला मल्हारराव बजाजनगरहून खुलताबादजवळच्या आपल्या वाडीवर आला, तो गडद निळ्या मोटारीतून. मोटार त्याच्या कंपनीतल्या सुपरवायझरची होती आणि जशी नेली तशीच संध्याकाळी परत द्यायची होती. हे फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला, चतुराबाईला, ठाऊक होतं. वाडीत त्यानं "घेतली" एवढंच सांगितलं. ओरखडा जरी उठला असता, तरी गाडीबरोबर नोकरीही जायची भीती होती.

थोरला भाऊ मुंजाबा मेंढरं राखायचा. गेल्या पाडव्याला मल्हाररावानं त्याच्याच ओसरीवर बसून पगार, पंखा आणि गॅसच्या शेगडीवर तासभर भाषण ठोकलं होतं. मुंजाबानं ते मुकाट ऐकून घेतलं. यंदा मात्र तो तयारीत होता. दारात एक धिप्पाड एडका बांधलेला होता, शिंगं लाल रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळ.

"हा कवा घेतलास, दादा?"

"बादशाह व्हय? घेतला की," मुंजाबा मिशीवर हात फिरवत म्हणाला. "पंचक्रोशीत जोड नाय त्याला."

मल्हाररावाचा चेहरा जरा उतरला. त्यानं फडकं काढलं आणि मोटार पुसायला घेतली. इतकी पुसली, की तिच्या दारात बघून भांग पाडावा.

तेवढ्यात त्यांची आई दगडाबाई आरती घेऊन बाहेर आली. "मल्हारी, गाडी इकडं आण. मेंढरांसंगट पुजू."

"नगं माय, तिकडं रस्त्यालाच बरी हाय."

"काऊन? लक्षुमी काय रस्त्यावर पुजत्यात?"

आईपुढं सुपरवायझरचं नाव काढता येईना. गाडी अंगणात आली. दगडाबाईनं चाकांना हळदकुंकू वाहिलं. पोरांनी हात लावू नये म्हणून चतुराबाई गाडीतच बसून राहिली.

पाडव्याला मातीच्या बोळक्यात दूध तापवायचं आणि ते उतू गेलं, की हलगीच्या तालावर मेंढरं अंगणातून पळवायची, ही त्या घरची रीत. दूध उतू गेलं. हलगी कडाडली. बादशाह सगळ्यांच्या पुढं निघाला आणि मोटारीपाशी येऊन थबकला. समोर, निळ्या दारात, लाल शिंगांचा एक धिप्पाड एडका त्याच्याकडं रोखून बघत होता.

बादशाह सावकाश चार पावलं मागं सरकला. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ कळतो. मल्हारराव ओरडला, "दादा, धर त्याला!"

धाड!

"आवं, मला भायेर काढा!" चतुराबाई किंचाळली. पण चेपलेलं दार उघडेना. दारातला एडका आता वाकडातिकडा होऊन जास्तच भेसूर दिसत होता. बादशाहला ते अजिबात सहन झालं नाही. दुसऱ्या धडकेत त्याचं उजवं शिंग मोडलं.

चतुराबाई दुसऱ्या दारानं बाहेर आली. हलगी बंद पडली. आता भाऊ भावाचा गळा धरणार, म्हणून माणसं दोन पावलं पुढं सरकली.

"जाऊ दे, दादा," मल्हारराव कसनुसं हसत म्हणाला. "पत्राच हाय, सरळ व्हतो."

"नाय, नाय," मुंजाबा घाम पुसत म्हणाला. "चूक माझ्या एडक्याची. तूच घेऊन जा त्याला."

हे म्हणायचं असतं आणि समोरच्यानं नको म्हणायचं असतं. पण मल्हाररावाच्या डोळ्यांपुढं सुपरवायझरचा चेहरा होता. एवढा एडका पुढं केला, तर साहेब कदाचित निवळेल.

"तुझा लईच आग्रह आसंल तर नेतो, दादा."

मुंजाबाचं तोंड पांढरंफटक पडलं. "नेतो? म्हंजी आजच? सणाच्या दिशी दारातलं जनावर... तसं न्यायचं नस्तं रं."

दगडाबाई आरतीचं ताट घेऊन अजून तिथंच उभी होती. तिनं एकाकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं.

"ल्हानपणी एका लगुरीपायी एकमेकाची डोस्की फोडलीत," ती म्हणाली. "आज गाडी फुटली, शिंग मोडलं, आन् दोघंबी जाऊ दे म्हनतात. सोताचं आसतं तर एकानं तरी बोंब मारली आसती."

शेवटी मल्हारराव पुटपुटला, "सायबाची हाय, माय."

मुंजाबानं मान खाली घातली. "माझ्या सासऱ्याचा हाय. पाडव्यापुरता आणला व्हता."

दगडाबाईनं ताट खाली ठेवलं. "मंग बसा दोघंबी त्या गाडीत. एडक्यालाबी घ्या मागं. आन् पयल्यांदा कुणाच्या पाया पडायचं, ते वाटंनं ठरवा."