आमचे पबपरीक्षक पेडणेकर

पेडणेकर भावजींनी उभ्या जन्मात बिअरचा थेंब जिभेला लावला नाही, आणि दुबईतल्या इंग्लिश पबांना मार्क द्यायचा मक्ता मात्र त्यांचाच! मी हसले की म्हणायचे, "वहिनी, परीक्षकाने शुद्धीवर असायला नको?"

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही दुबईजवळ अजमानला राहायचो, भावजी वरच्या मजल्यावर बॅचलरांच्या खोलीत; नातं काही नाही, नुसता शेजार. नोकरी दुबईच्या एका शिपिंग ऑफिसात. पगार फॅमिली व्हिसाच्या अटीत बसेना, म्हणून बायको नि लेक कुडाळला. ऑफिसातल्या गोऱ्या साहेबाने जाताना विलायतेतल्या पबांच्या फोटोंचं कॅलेंडर दिलं, आणि हे खूळ डोक्यात शिरलं. गुरुवारी संध्याकाळी टाय लावून निघायचे. एक लिंबूसोडा, एक 'पाय' नावाची खिमा भरलेली विलायती कचोरी, की तपासणी सुरू. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, माझ्या स्वयंपाकघरात निकाल!

"कवच कडक, पण सारणात जीव नाही. तुमच्या करंजीच्या पासंगाला लागत नाही, वहिनी. खलास, नापास!"

करंजीचं नाव काढलं की मी दुसरा चहा टाकते, हे त्यांना पक्कं ठाऊक.

पबातल्या विलायती शेकोटीचे मार्क वेगळे. बाहेर अंगाची लाही होतेय, आत एसी गारढोण, आणि खोट्या लाकडांखाली लाल बल्ब! एकदा तर मॅनेजरलाच गाठून म्हणाले, "तुमचा निखारा लुकलुकतोय. होल्डर बघा."

मग एका हॉटेलात नवा पब उघडला. भावजी गेले, तर दारवान म्हणाला, "गुरुवारी ओन्ली फॅमिली, सर." पुढच्या गुरुवारीही तेच. एकट्या पुरुषाला आत सोडेनात.

तोंड पाडून आमच्याकडे आले. "वहिनी, दादा, एका संध्याकाळपुरते माझी फॅमिली व्हाल?"

"मी? पबात? अहो, गावी कळलं तर!"

आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुला तिथे कोण ओळखतंय? नेस साडी. यल्ला, चल!"

मी नारायणपेठ नेसले. म्हटलं, कुणी पाहिलंच तर लग्नाला आलेय असं वाटेल. दारवानाने मला नखशिखांत न्याहाळलं. "फॅमिली?"

भावजींनी टाय सारखा केला. "यस. माय फॅमिली."

आत गेल्यावर मी वाट बघतेय, आता हे शेकोटीखाली वाकणार. पण शेकोटीकडे त्यांची पाठच! पाय आला, तर अर्ध्याहून जास्त माझ्या ताटलीत. वेटर मल्याळी, त्याला पिटाळून माझ्यासाठी हिरवी मिरची आणवली. जो टेबलाशी येईल त्याला, मागितली नसतानाही, ओळख: "माय ब्रदर, माय भाभी." शेजारच्या गोऱ्यालासुद्धा. तो बिचारा उठून नमस्ते म्हणाला.

खाणं संपलं. वेटरने टेबल पुसलं. ह्यांनी घड्याळ पाहिलं, मी पदर सावरून उठू लागले.

"बसा ना, वहिनी," भावजी म्हणाले. "आत्ताच तर आलोय."

मी खाली बसले.