शांतवनबाबूंचा संताप

शांतवनबाबू पहिल्यांदा कोणाच्या घरी गेले की बसत नसत. खिशातून ओळंबा काढत, म्हणजे गवंडी भिंत सरळ आहे का पाहायला वापरतात तो दोरीला लोंबणारा लोखंडी गोळा, आणि घरमालकाच्या भिंतीला लावत. मग एक डोळा मिटून पाहत. मग रागवत.

आमच्याकडे आले तेव्हा मी "या जी, बसा," म्हणत खुर्ची पुढे केली. ते भिंतीपाशीच.

"गुरुजी, हे भिंत रस्त्यावर चालली ना! अन् तुम्ही खाली बसून चहा पिऊन राहिले? गळ्याखाली उतरते कसा?"

आईबापांनी मोठ्या आशेने शांतवन हे नाव ठेवलं असणार. पण अख्ख्या पांढुर्ण्यात या माणसाइतका अशांत जीव दुसरा नव्हता. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी झाली, तिथं ते संत्र्यांच्या पेट्या आदळणाऱ्या हमालांवर रागवत. रिटायर झाल्यावर रागवायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी बायबल पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपला प्रभू सुतार होता. "तीस वर्षं त्यानं लाकूड तासलं गुरुजी, प्रवचन मंग केलं! आमचे लोक डायरेक्ट प्रवचनावर!"

झालं. या वयात ते गवंडीकाम शिकले. पहिली भिंत स्वतःच्या कोंबड्यांसाठी बांधली. ती पडली. ते भिंतीवर इतके चिडले की शेजारी धावत आले. दुसरी मात्र उभी राहिली, आणि तेव्हापासून दर रविवारी पांढरा शर्ट, टाय, आणि पिशवीत बायबलला लागून थापी. चर्च सुटलं की दारात उभे राहत. लोक हात मिळवायला हात पुढे करत, हे त्या हातात घमेलं देत. "प्रार्थना झाली. आता गारा कालवा." एकदा पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं तर हे मधूनच उठले, "साहेब, स्वर्गाचं आटपा. तिकडं विटा तापून राहिल्या."

सुभद्राबाईची हकिकत त्यांना मीच सांगितली. सौंसरहून मोहगावकडे जाताना एक वस्ती लागते, तिथली ही बाई. नवरा गेलेला, म्हातारी सासू आणि लहान मुलगी पदरात. लोकांच्या वावरात कापूस वेचून पोट भरायची. पावसाळ्यात तिची मातीची भिंत बसली, आणि तिघी एका गोठ्याच्या कडेला पोती बांधून राहू लागल्या. मी हे सगळं सांगून शेवटी म्हणालो, "अरेरे."

शांतवनबाबू ताडकन उठले. "अरेरे? अरेरेनं छप्पर होते का? अख्खं गाव अरेरे करून राहिलं असन, अन् ते बाई पोत्याखाली!"

पुढल्या रविवारी सौंसरच्या मोटरीत चर्चमधली चार माणसं, घमेली, फावडी आणि मी. मी कसा आलो ते मला अजून कळलेलं नाही.

पाया खणायला घेतला आणि गाव जमलं. काम करायला नाही, पाहायला. त्यातला एक पुढारी होता, धुतलेलं धोतर, तोंडात पान. घर पडलं तेव्हा तो तिकडे फिरकलाही नव्हता. पुढच्या दोन-तीन रविवारांत घर उभं राहायला लागलं तेव्हा मात्र त्याला समाजाची काळजी वाटू लागली.

"काहो बाबूजी, किती लोकं किरिस्ताव करून राहिले?"

हे आठवलं की मला आजही चीड येते. ज्या माणसाच्या हाताला वीट माहीत नाही, तो वीट उचलणाऱ्याला जाब विचारतो! मी तिथे गप्प उभा होतो. शांतवनबाबू गप्प बसणारे नव्हते.

"घर बांधून राहिलो, घर! माह्या येशूनं लंगड्याले उठवलं, त्याले काय आधी जात विचारली होती? तुम्हाले बाईच्या धर्माची येवढी फिकीर, तर पावसात तिच्या धर्माले गळत होतं तेव्हा छत्री घेऊन का नाई आले?"

तेवढ्यात सुभद्राबाई विटांचं घमेलं खाली ठेवून उभी राहिली. काळी, काटक बाई. ती बाबूंकडे वळून म्हणाली, "बाबूजी, मी बी सांगून ठेवते. आम्ही बौद्ध आहो. माह्या भिंतीवर बुद्धाचा फोटो लागन. चालत नसन तर आताच थांबा."

बाबूंचा चेहरा लाल झाला.

"हे आता सांगते?" ते ओरडले. "भिंत छातीपर्यंत आल्यावर? खुंटी आधी बसवा लागते, मंग ठोकली तर भिंत चिरते! कोणत्या बाजूनं पाह्यजे फोटो?"

खुंटी बसली. नंतर फोटो लागला तेव्हा बाबूंनी ओळंबा काढला आणि बुद्ध डावीकडे झुकल्याबद्दल मला झापलं.

एवढ्यावर भागलं नाही. छपरासाठी कौलं देणारे चर्चचे एक मोठे साहेब शहरातून आले, कॅमेरा आणि रंगवलेली पाटी घेऊन. पाटीवर प्रभूचं नाव वर, त्यांचं स्वतःचं खाली, आणि खालचं जरा मोठंच. पाटी दारावर लावायची होती. बाईला हात जोडून दारात उभी करायची होती. बाबू इंग्रजीत सुरू झाले आणि मराठीत संपले.

"साहेब, पाठवणाऱ्याचं नाव पार्सलवर असते. घरावर राह्यणाऱ्याचं असते!"

पाटी आली तशी परत गेली. कौलं मात्र चढली होती, ती राहिली.

घर झालं, आणि बाबू बिघडले. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसू लागले. नगरपालिका, संत्र्यांचे दलाल, माझी भिंत, कशावरही रागवायचे, पण रागात दम नव्हता. एकदा दिवेलागण झाली तरी उठेनात. मी म्हणालो, "बाबू, जेवायची वेळ झाली. घरी जात नाही का?"

त्यांचं घर चांगलं होतं. पक्कं, ऐसपैस, भिंती ओळंब्यात. बायको मार्थाबाई जाऊन काही वर्षं झाली होती आणि मुलगी जबलपूरला दिलेली.

"जाऊन काय करू?" ते म्हणाले. "मार्था होती तं मी ओरडत होतो, ते हासत होती. आता घरी रागवाले बी कोणी नाई."

एवढं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ते उठून गेले.

पुढच्या बाजारात सुभद्राबाई भेटली. तिला हे मी सहज सांगितलं. शनिवारी मोटरीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला: बाबूजींना सांगा, चूल धुपून राहिली, घरभर धूर होते.

"धुपते?" बाबू उसळले. "माह्या हातची चूल धुपते?" रविवारी चर्चमधून तडक निघाले. मलाही ओढलं.

आम्ही पोचलो तेव्हा चूल ढणढण जळत होती. धुराचा पत्ता नाही. तव्यावर भाकर, बाजूला अंबाडीची भाजी. सासू म्हणाली, "बसा जी." बाबू वाकले, चुलीत डोकावले, फुंकर मारून पाहिली.

"धुपते म्हणून निरोप धाडला ना?"

सुभद्राबाईनं भाकर उलटली. "धुपते जी. रविवारीच धुपते."

बाबूंनी रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग बाहेर जाऊन हातपाय धुऊन आले आणि पाटावर बसले.

"चुलीचं काही खरं नसते," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "दर रविवारी पाहा लागन."

पहिला घास घेतला आणि एकदम ओरडले, "भाजीत मीठ नाई! कोण करून राहिलं हे भाजी?"

म्हातारी दचकली. सुभद्राबाई हसली, आणि मिठाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.