ट्रेमधली मोठी आत्या

हवा: गार. वारा नाही. पानगळ सुरू.

अण्णांच्या बायकोने अंड्यांचे रिकामे ट्रे अंडीवाल्याला परत दिले, आणि त्यांत झोपलेले पतंगही दिले.

"रिकामे कुठे, भरलेले होते," अण्णा म्हणाले.

"किडे भरले म्हणजे ट्रे भरला का?"

बागेत दिवा, दिव्याखाली खोकं, खोक्यात हे ट्रे. रात्री उजेडाला भुललेले पतंग त्यांच्या खळग्यांत शिरून झोपतात. सकाळी ओळखायचे, वहीत नोंदवायचे, सोडून द्यायचे. हा उद्योग मूळचा वडिलांचा, नानांचा. शास्त्रीय नावं त्यांच्या जिभेला वळत नसत, म्हणून त्यांनी नातेवाइकांची नावं वाटून टाकली होती. रोडका, सारखा भिरभिरणारा, तो धाकटा जावई. तपकिरी, लठ्ठ, गळ्याला केसाळ मफलर आणि एकदा बसली की ढिम्म न हलणारी, ती मोठी आत्या. ती फक्त पानगळीत यायची. नाना गेल्यावर आलीच नव्हती.

आज आली होती. अण्णा चष्मा आणायला आत गेले, तेवढ्यात हे.

(खरी मोठी आत्या मागच्याच गल्लीत राहते. एकदा जेवताना कुणीतरी तिला हे नामकरण सांगितलं. ताट सरकवून उठली, ती पुन्हा या बागेत फिरकली नाही.)

कुठे दिसली: बाग. खोडलं. अंड्यांचं दुकान.

"तुमची पाखरं माझ्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावर बसलीत," अंडीवाला म्हणाला.

अण्णा एका बाईंच्या अंबाड्याकडे सरकले. "हलू नका हं. धाकटा जावई आहे."

"मला मुलगीच नाही," बाई म्हणाल्या.

"आणि एक ट्रे कमी कसा?" अण्णांनी अंडीवाल्याला विचारलं.

"तुमच्या आत्याबाईंनी नेला. अंडी सहाच घेतली, पण पिशवी नको म्हणाल्या."

कुठे दिसली: तेही खोडलं. आत्याचं स्वयंपाकघर.

आत्या टेबलाशी बसली होती. समोर ट्रे, सहा अंडी, आणि सातव्या खळग्यात ती.

"हीच का रे ती?"

साठी उलटलेले अण्णा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. आत्याने चष्मा लावला, वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"ही मी कुठून? मफलर बघ. गळा गुंडाळल्याशिवाय तुझ्या बापाने कधी उंबरा ओलांडला? आणि सकाळपासून ऊठ म्हणतेय, ढिम्म नाही." तिने हळूच एक अंडं बाजूला सरकवून त्याला जागा करून दिली. "हा नाना आहे."

नाव: नाना. ओळख पटवली: सख्ख्या बहिणीने.

"अंधार पडला की बागेत सोडू," अण्णा म्हणाले. "तू येशील?"

"येईन की. पण ट्रे माझा आहे. बायकोला सांग, हात लावायचा नाही."