शेवाळाला जेवणाची सुट्टी

कुरुळीच्या शिवारात जिथं पूर्वी कांदा निघायचा, तिथं आता गाड्यांचे आरसे निघतात. त्या कंपनीत पिवळं ओळखपत्र म्हणजे कंत्राटी माणूस आणि निळं म्हणजे कायम. कॅन्टीनमध्ये दोन रांगा. निळ्या रांगेत पनीर मिळतं, पिवळ्या रांगेत पनीरचा वास. इथवर सगळं रीतसर होतं.

मे महिन्यात कंपनीतले अधिकारी रणजीत साहेब ऊर्जा बचतीच्या प्रशिक्षणाला गेले. तिथं पडद्यावर समुद्र दाखवला. पाण्यावर तरंगणारं बारीक शेवाळ उन्हावर आपलं अन्न आपणच तयार करतं. शेवाळाला बारके जीव खातात, त्यांना मासळी खाते, मासळीला शार्क. खाल्लेल्यातला जेमतेम दहावा हिस्सा अंगी लागतो, बाकीचा धावपळीत आणि उष्णतेत जातो. साहेब भारावून गेले. समुद्र इतकी वर्षं चालला आहे आणि त्याला कॅन्टीन नाही.

सोमवारी परिपत्रक लागलं. "पिवळं ओळखपत्र ही पहिली पायरी असून ती स्वतःचं अन्न उन्हात तयार करते. सबब तिचं जेवण बंद करून तिला दुपारी एक ते दीड मोकळ्या पटांगणात ऊन मंजूर करण्यात येत आहे. रात्रपाळीस ट्यूबलाइट देण्यात येईल."

पुतळाबाई कंपनीत झाडलोट करायची. तिला साखरेचा आजार. गोळी घेतल्यावर एक वाजता पोटात काही गेलं नाही, तर तिला घेरी यायची. तिनं साहेबांना गाठलं.

"सायेब, मला डाक्टरनं येकला जेवायला सांगितलंय."

"मग बसा ना उन्हात, मावशी. कोणी अडवलंय?"

"बसले की. नुसता घाम आला."

"सुरुवातीला येतो. शेवाळालाही आला असेल."

दुसऱ्या दिवसापासून ती घरून भाकरी आणू लागली. लगेच दुरुस्तीपत्रक निघालं. पहिल्या पायरीजवळ अन्न आढळल्यास ते दुसऱ्या पायरीनं खावं. दुसरी पायरी म्हणजे सुपरवायझर बबनराव. गावातलाच, पुतळाबाईच्या अंगणात खेळून मोठा झालेला.

"समदा डबा खातोस व्हय रं, बबन्या? कोर तरी ठेव."

"काकू, मला काय हौस न्हाई. माझा डबा वर मॅनेजरला जातो, मी काय खाऊ? आन दहावाच हिस्सा अंगी लागतो. नियमच तसा हाय."

सर्वांत वर बसलेल्या प्लँट हेडच्या अंगी एक घास लागायचा, तर खाली हजार घास लागत. हेडचं वजन जरा उतरलं की ठेकेदाराला निरोप जाई, अजून शेवाळ पाठवा.

पुतळाबाई पुन्हा साहेबांकडे गेली. "सायेब, शेवाळच संपलं तर मंग?"

साहेबांनी प्रशिक्षणाची वही चाळली. "ती स्लाइड चहाच्या वेळी दाखवली. मी चहाला गेलो होतो."

गुरुवारी सव्वा वाजता पुतळाबाई पटांगणात कोसळली. शुद्ध होती, पण बोलता येईना. अंग घामानं गार पडलेलं. बबनराव पळत साहेबांच्या केबिनमध्ये शिरला, चहाच्या ट्रेमधली साखर मूठभर उचलली आणि तिला पाण्यातून पाजली. दहा मिनिटांनी ती उठून बसली.

चौकशी त्याच दुपारी झाली. अहवालात पुतळाबाईचं नाव नव्हतं. बबनरावाला मात्र मेमो मिळाला. "आपण ऊर्जा वरून खाली जाऊ दिली. हे निसर्गनियमाविरुद्ध असून तीन दिवसांत खुलासा सादर करावा."

बबनरावानं खुलासा लिहिला, "काकू हाय माझी."

खुलासा अमान्य झाला. सोमवारी पुतळाबाईच्या जागी ठेकेदारानं दुसरं पिवळं ओळखपत्र पाठवलं. त्या नव्या माणसाच्या डब्याकडे बबनराव बघत नाही. सध्या तो निलंबित आहे.

हे वाचून तुम्ही रणजीत साहेबांना हसलात, बरं केलंत. तुमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई सकाळी काही खाऊन येते का? माहीत नाही? म्हणजे ती स्लाइड दाखवली तेव्हा तुम्हीही चहालाच गेला होतात. आणि चहा तिनंच केला होता.