धोंडोपंतांचे ब्रेक आणि पितृपक्ष

एका जंगलात, बाळांनो, आधी घाटरस्ता झाला आणि मग मोटारी आल्या. धोंडोपंत अस्वलाकडेही एक होती. वडिलांच्या वेळची, उघड्या टपाची. पुसून पुसून तिचा रंग गेला होता, पण पंतांचा तोरा काही जात नव्हता.

एक दिवस ब्रेक दाबला की पाय खोल जायला लागला. साळिंदर मेस्त्री गाडीखाली शिरला आणि तोंड वाकडं करून बाहेर आला.

"पंत, ब्रेकचं तेल नेणारे पाइप गंजून पार चाळण झालेत. आजच्या आज नवे घाला."

"आज? अरे, पितृपक्ष चाललाय! नवी वस्तू घेतली तर पितर कोपतील."

"अहो, पाइप म्हणजे काय पैठणी आहे?" बायको इंदूताई म्हणाल्या.

"नवं ते नवं. दसऱ्याला बघू."

घरात शास्त्र कळणारे आपण एकटेच, असं पंतांना अगदी मनापासून वाटे. बिचारे!

दुसऱ्या दिवशी वडिलांचं श्राद्ध होतं, घाटाखाली, धाकट्या भावाकडे. इंदूताई मांडीवर वड्यांचा डबा आणि खिरीचं पातेलं घेऊन बसल्या. गाडी निघाली.

पहिल्याच उतारावर पंतांनी ब्रेक दाबला. पाय थेट तळाला टेकला. गाडीला त्याचं काहीच वाटलं नाही.

"अहो, थांबवा!"

"थांबवतोच आहे!"

पंतांनी हँडब्रेक ओढला. तो उपटून हातात आला. मग त्यांनी इंदूताईंचा हात घट्ट धरला. माझ्या शहाणपणापायी हिचा जीव जाणार, एवढंच त्यांना कळत होतं.

गाडी म्हशींच्या डबक्यात घुसली आणि चिखलात रुतली. दोघंही धडधाकट होती. वडे बॉनेटवर पडले होते. खीर पंतांच्या डोक्यावर होती.

इतक्यात एक कावळा बॉनेटवर उतरला. पण वड्याला काही शिवेना.

"मामंजींची इच्छा राहिलीय," इंदूताई म्हणाल्या. "शब्द द्या त्यांना."

पंतांनी हात जोडले. "बाबा, नवे पाइप घालतो. दसऱ्याला."

कावळ्याने पाठ फिरवली.

"बरं, अमावास्या झाली की लगेच!"

कावळा उडून लांबच्या फांदीवर जाऊन बसला.

"आज! आत्ता! चालत जाऊन मेस्त्रीला आणतो!"

कावळ्याने झेप घेतली आणि सगळ्यात मोठा वडा उचलला.

पंतांना स्वतःचंच हसू आलं. "गाढव आहे मी," डोळ्यांवरची खीर पुसत ते म्हणाले. "अस्वलाच्या जन्माला उगीच आलो."

तात्पर्य : पितृपक्षात नवी वस्तू कधीही घेऊ नये. जुन्या ब्रेकवर खुशाल घाट उतरावा. पितरांचं म्हणणं काय आहे, ते त्यांना समक्ष भेटून विचारता येतं.